शालनवहिनीचे डोहाळे

लग्नानंतर चार-पाच दिवसांनी शालनवहिनीने मला हाक मारली, "वन्सं, च्या घेताय न्हवं?" आणि मी मागे वळून बघितलं. आमच्या खोलीत वन्सं म्हणावं अशी कोणी बाई मला दिसेना. मी तेव्हा नववीत होते, दोन वेण्या घालायचे, गुडघा कायम खरचटलेला. मग लक्षात आलं की ती बाई म्हणजे मीच. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला, आणि माझी ती तऱ्हा बघून वहिनीही हसायला लागली, तोंडाला पदर लावून, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. "वन्सं-बिन्सं नको यार, सुमी म्हण," मी म्हणाले. "यार म्हंजी वो काय?" तिने विचारलं. फलटणच्या बाजूच्या एका गावातून ती थेट घाटकोपरच्या डोंगरावर येऊन पडली होती आणि आमची अर्धी भाषा तिच्या डोक्यावरून जात होती. आठ दिवसांत तिने मला सुमे म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात "वाट लागली" म्हणायलाही शिकली. भाकरी करपली तरी वाट लागली, सुईत दोरा जाईना तरी वाट लागली. मला बहीण नव्हती. ती कसर तिने महिन्याभरात भरून काढली, असं म्हटलं तरी चालेल.

आमचं घर म्हणजे डोंगराच्या मधल्या अंगाला एक खोली, वर पत्रा, आत पोटमाळा. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली बाबांचा फोटो. बाबा मी सहावीत असतानाच गेले होते. आई साकीनाक्याच्या एका गाळ्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायची, दादा विक्रोळीच्या कंपनीत पाळीवर जायचा. माझी शाळा सकाळची. त्यामुळे दुपारी एकपासून संध्याकाळी सहापर्यंत ते घर वहिनीचं आणि माझं असायचं. मागच्या खाणीत घण पडत असायचे. डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की पत्रा थरथरायचा आणि बोलणाऱ्याला वाक्य अर्ध्यावर सोडावं लागायचं. आमच्या बायका भांडतानासुद्धा विमान जाईपर्यंत थांबायच्या आणि मग पुढची शिवी द्यायच्या. वहिनी पहिल्या दिवशी विमानाच्या आवाजाने परातीसकट खाली बसली होती, ते मी तिला वर्षभर चिडवलं. पाण्याचा नळ पायथ्याला. सकाळी पाणी यायच्या वेळी ती डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढायची. गावाकडच्या विहिरीची सवय होती तिला. "हितं तरी पायऱ्या हायत," म्हणायची.

जेवायला आधी दादा बसायचा. त्याच्याबरोबर मी, कारण मला अभ्यास. गावाकडचा कोणी ना कोणी नोकरी शोधायला आमच्याकडे उतरलेला असायचाच, तोही आमच्या पंगतीला. मग आई, आणि सगळ्यांत शेवटी वहिनी. हा कायदा कोणी केलेला नव्हता. आईसुद्धा तिच्या सासूच्या घरी अशीच जेवली होती. वहिनीची पाळी येईपर्यंत आमटीतली डाळ वरच्यावर निघून गेलेली असायची, तिला नुसतं पाणी. सुकटीचं कालवण असलं तर पातेल्याला लागलेला मसाला ती भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायची आणि म्हणायची, "तळाचंच ग्वाड असतंय सुमे. तुमा कुणाला ठावंच न्हाई." मला ते खरंच वाटायचं. एकदा मी हट्टाने तळाचं मागून घेतलं होतं, तर तिने दिलं. आज माझ्या घरात सगळे एका वेळी पानावर बसतात, आणि कोणी नाही बसलं तर मी भांडी आपटते. सुना एकमेकींकडे बघतात, आईंना काय झालंय म्हणून. बघू देत.

वहिनीला दिवस गेले तेव्हा आईला कोण आनंद झाला. तिने त्या दिवशी गाळ्यावर खाडा केला आणि वहिनीला हिरव्या बांगड्या भरून आणल्या. माझी आई दुष्ट नव्हती, हे मला इथे लिहून ठेवलंच पाहिजे, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. तिला जे माहीत होतं ते तिने सुनेला दिलं. "पोट तटतटून खाऊ नगं," ती वहिनीला सांगायची. "अन्नानं जागा अडीवली तर लेकराला जागा कुठली ऱ्हायची? आन् लई खाल्लं की लेकरू मोठं हुतंय, मग अडतंय. माझी थोरली जाऊ अशीच अडली हुती, दोन दिवस वरडत." अंडं उष्ण, केळं थंड, वांग्याने पोराला खाज, पपईचं तर नावसुद्धा घ्यायचं नाही. एवढं सगळं वजा केल्यावर उरायचा तो चहा. दूध सकाळचं सकाळी संपायचं, म्हणून कोरा. वहिनी दिवसाला सहा-सात कप प्यायची. त्याने भूक मरते आणि तोंडाला चव येते, असं तिचं म्हणणं होतं. पहिलं बाळंतपण खरं माहेरी व्हायचं, पण तिची आई ती लहान असतानाच वारली होती आणि माहेरी एकटे वडील. "ते काय करणार बाळंतपण? हितंच करू," आई म्हणाली, आणि त्यात तिचा मोठेपणाच होता.

पाचव्या महिन्यात वहिनी गोरी दिसायला लागली. मूळची ती सावळी, म्हणजे अगदी आमच्यासारखीच. पण आता तिच्या गालावर, कपाळावर एक पांढुरकी झाक आली, ओठ फिकट झाले. नळावरच्या बायका थांबून बघायच्या. "काय उजळली गं तुझी सून," आईला म्हणायच्या, "पोटात गोरं लेकरू दिसतंय." आई हरखून जायची आणि घरी आल्यावर वहिनीची दृष्ट काढायची. मीसुद्धा शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं होतं की आमची वहिनी झकास दिसायला लागली आहे. पायऱ्या चढताना ती आता तीनदा थांबायची, छातीवर हात ठेवायची. रात्री पाय चेपायला बसलं तर बोट दाबलेल्या जागी खळगा पडून राहायचा. "पयलटकरणीला व्हतंच," आई म्हणायची. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. न बघितलेलं काहीच नव्हतं. आता वय झालं तरी रस्त्यात एखादी पोटुशी बाई गोरीपान दिसली की माझं पहिलं लक्ष तिच्या नखांकडे जातं.

मातीचं मला कळलं ते असं. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर वहिनी शेगडीजवळ पाठमोरी बसलेली आणि तिचं तोंड हलत होतं. आमची जुनी मातीची शेगडी होती, तिचा एक कान तुटलेला दिसला. "काय खातेस गं एकटी एकटी?" मी विचारलं. ती अशी दचकली की मलाच चोर पकडल्यासारखं वाटलं. मग तिने मूठ उघडून दाखवली. "भाजकी माती हाय सुमे. लई वास येतो गं तिचा. जीव ऱ्हात न्हाई." आणि लगेच माझा हात धरून, "आत्यांना सांगू नगंस. त्यास्नी वाटंल, सून आपली शेगडी खाती." यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या कदमकाकूंनी भिंतीवर थाप मारली.

गरोदर बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे मला आमच्या डोंगरावरच्या प्रत्येक बाईने कधी ना कधी सांगितलेलं होतं. तिला जे खावंसं वाटतं ते तिचं नसतं, आतल्या लेकराचं असतं; आणि त्याला नाही म्हणणाऱ्याला पाप लागतं. आईच एकदा म्हणाली होती, मी पोटात असताना तिला कैरी हवी होती आणि बाबा भर दुपारी कुर्ल्याच्या बाजारातून घेऊन आले होते. मी ठरवलं, आपणही काही कमी नाही. खाणीच्या कडेला डोंगर कापला होता तिथे मुरमाच्या मध्ये पिवळसर, मऊ मातीचा एक थर होता. कंपासपेटी रिकामी करून मी तिच्यात ढेकळं भरून आणायला लागले. वहिनी त्यातले खडे निवडायची, पाणी शिंपडून मळायची, पेढ्याएवढ्या चपट्या वड्या करायची आणि तव्यावर भाजायची. तो वास खोलीभर सुटायचा. मग ती भिंतीला टेकून, डोळे मिटून एकेक वडी सावकाश चावायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख यायचं की मला वाटायचं, हे मी दिलं. दादाने तिला लग्नात साडी घेतली होती, आईने बांगड्या भरल्या, पण हे सुख मी दिलं. सुरुवातीला दोन वड्या लागायच्या. सातव्या महिन्यापर्यंत कंपासपेटी पुरेना, म्हणून मी डबा न्यायला लागले. शाळेचा डबा. आणि वहिनीची भाकरी दीडवरून एकीवर आणि एकीवरून अर्धीवर आली, तेही मीच बघत होते.

सातव्या महिन्यात आईने डोहाळजेवण केलं. बुद्धवंदना झाली, चार बायका जेवायला आल्या, चेंबूरहून मावशी आली. वहिनीला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं आणि तिच्यापुढे दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. तिने उचलली ती पेढ्याची निघाली. "मुलगा!" सगळ्या ओरडल्या. कदमकाकूंनी तिच्या हनुवटीला हात लावून विचारलं, "आणि काय खावंसं वाटतंय गं तुला? सांग, लाजू नको." आई तोऱ्यात म्हणाली, "आमच्या हितं कशाची कमी न्हाई बरं का. मागंल ते देतो आमी तिला." वहिनीने हळूच माझ्याकडे बघितलं. मी ओठ दाबून धरले. "काय न्हाई वाटत," ती म्हणाली आणि पदरात हसली. बायकांना वाटलं, लाजली. त्या दिवसाचा आमचा एक फोटो आहे, कदमकाकूंच्या भावाने काढलेला. त्यात आम्ही दोघीच तेवढ्या हसतोय आणि बाकीच्या गंभीर आहेत.

दवाखान्यातून एक सिस्टर डोंगरावर यायची. मालवणची, पन्नाशीची, अंगाने जाड, चढताना प्रत्येक दारात बसून पाणी मागायची. तिने आधी दोनदा येऊन वहिनीला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि वहिनी त्या नेमाने घ्यायची, सकाळ-संध्याकाळ, कोऱ्या चहाबरोबर. आठवा अर्धा सरला तेव्हा सिस्टर पुन्हा आली. त्या दिवशी आईला सुटी होती. सिस्टरने वहिनीला उजेडात, उंबऱ्याशी बसवलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग जीभ बघितली. मग दोन्ही हात पालथे करून नखं बघितली, एकेक दाबून.

"गोळ्यो घेतंस ना गो?" तिने विचारलं.

"घेते की. ह्यो बगा, पुडीबी संपलीया."

"मग रक्त वाढत कसा नाय?" ती आईकडे वळली. "बाय, नीट ऐका. हिच्या अंगात रक्त नाय. बाळंतपणात कोणाचा थोडा, कोणाचा जास्त, रक्त जाताच. हिच्याकडे सांडूक रक्तच नाय. गेला तर ही जायत. कळला?"

आईचा चेहरा उतरला. "खाती-पिती की वो चांगली."

"माती खाता काय? खडू, राख, काय पण? खात असली तर सांगा. लाज धरू नका. माती खाणाऱ्याक गोळी लागू होत नाय. मग इंजेक्शनां देऊ, मोठ्या इस्पितळात पाठवू, रक्त चढवू. अजून दीड महिनो हा हातात. पण माका कळूक होया."

आई ताठ झाली. सून माती खाते याचा आमच्यात एकच अर्थ होतो, सासरचे तिला खायला घालत नाहीत. आणि दारात तोवर कदमकाकू आणि आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "माती कशापायी खाईल? आमी काय उपाशी ठिवलीय व्हय तिला?" आई म्हणाली. वहिनीने मान खाली घातली. सिस्टरने तिच्याकडे बघितलं, मग खोलीत नजर फिरवली आणि माझ्याशी येऊन थांबली. "तू गो? तू घरात असतंस ना दुपारी? खाता काय ही?"

मी नववीतली मुलगी होते, बावळट नव्हते. सिस्टर काय म्हणाली ते मला नीट कळलं होतं. तरी मी शेजारी बसलेल्या वहिनीकडे बघितलं, आणि तिने पदराखालून माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावला. आईचं नाक लाल झालेलं. दारातल्या बायका कान देऊन ऐकत होत्या. आणि आणखी एक गोष्ट होती, तीही आता लपवत नाही. ते गुपित माझं होतं. त्या घरात माझं म्हणावं असं ते एकच होतं. मी म्हणाले, "नाही. नाही खात."

"बरा," सिस्टर म्हणाली. तिने नवीन पुडी दिली, पालेभाजी खा म्हणून सांगितलं, आमच्याकडचं पाणी प्यायली आणि पुढच्या दारी गेली. जाताना एकदा मागे वळून बघितलं तिने. मी तिच्या मागे चार पायऱ्या उतरून जायला हवं होतं. चारच. ती काही धावत नव्हती.

दोन दिवस वहिनीने मातीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तिचे डोळे भरलेले. "येवढाच तुकडा आण सुमे," तिने बोटाचं पेर दाखवलं. "सिस्टर ओरडली ना पण?" मी म्हणाले. "आगं, गोळ्या घेते की मी. दोनाच्या जागी तीन घीन." मला ते हिशेबाला बरोबर वाटलं. शिवाय बाळाच्या कानाचं होतंच. मी डबा घेऊन गेले. माती पोटात गेली की गोळीतलं लोह तीच ओढून घेते आणि उरलेलं चहा खातो, हे पुढे पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरणीने मला समजावून सांगितलं. तिने ते पाच मिनिटांत सांगितलं. पाचच मिनिटं लागतात.

दिवस भरायला तीन आठवडे होते. गुरुवारी सकाळी मी शाळेला निघत होते तेवढ्यात वहिनी नळावरून आली, हंडा नीट उतरवून ठेवला, कळशी ठेवली, आणि मग भिंतीला हात टेकून म्हणाली, "सुमे, आत्यांना हाक मार." दादाची दुपारची पाळी होती म्हणून तो घरी होता. त्याने आणि शेजारच्यांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून, खुर्ची चौघांनी धरून, पायऱ्यांवरून खाली नेलं. मी तिच्या चपला घेऊन मागे. अर्ध्या वाटेत ती मला म्हणाली, "वाट लागली गं," आणि हसलीसुद्धा. प्रसूतिगृहात नाव घातलं होतं, पण तिथल्या बाईंनी पापणी बघितली आणि आम्हाला बसूसुद्धा दिलं नाही, गाडी बोलावून मोठ्या इस्पितळात पाठवलं.

अकराच्या सुमाराला मुलगी झाली. दोन किलोसुद्धा नव्हती, पण रडली. पेढा खोटा निघाला म्हणून आई हसली, आणि दादा तर वेडाच झाला. तो तडक पोस्टात गेला आणि वहिनीच्या वडिलांना तार करून आला, मुलगी झाली म्हणून. येताना बर्फीचा पुडा आणला आणि बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांनाही वाटली. एका म्हातारीने त्याला विचारलं, "मुलगी झाली तरी एवढा नाचतोस?" तर म्हणाला, "मग काय आजी, नाचू नको?" दादाला मी त्यानंतर तसं कधी बघितलं नाही.

मग आतून धावपळ ऐकू यायला लागली. रक्त थांबत नव्हतं. दादाचं रक्त जुळलं नाही. आईच्या अंगात काढण्यासारखं काही नव्हतं. मी हात पुढे केला, तर लहान आहेस म्हणाले. कंपनीतले दोघं जण निरोप मिळताच आले, दोन बाटल्या मिळाल्या, आणखीच्या शोधात दादा पळत होता. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, हातात कागद. "आधीपासून एवढं रक्त कमी होतं. गोळ्या घेतल्या नव्हत्या का?"

"घेत हुती की, रोज," आई म्हणाली.

"माती वगैरे खायची का?"

"न्हाई, न्हाई."

"हो," मी म्हणाले. "रोज खायची. मी आणून द्यायचे."

माझा आवाज मोठा आला असावा, कारण बाकावरच्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीण ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. "हे आधी कळायला हवं होतं," एवढं म्हणाली आणि आत गेली. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवलेला होता. तो तिने उचलून आपल्या मांडीत घेतला. त्या बाबतीत ती मला त्या दिवशी काही बोलली नाही आणि पुढे जिवंत होती तोवर काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने मला आत जाऊ दिलं. वहिनी हाका मारत होती म्हणे. तिच्या अंगावरची चादर आणि ती, दोन्ही एकाच रंगाची झाली होती. मी हात हातात घेतला, तो गार होता. तिने मला जवळ बोलावलं. "पोरीचं कान बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितले."

"नीट हायत न्हवं?"

"एकदम झकास आहेत."

"मग झालं," वहिनी म्हणाली. "तुझ्यामुळं." तिने डोळे मिटले आणि सिस्टरांनी मला बाहेर काढलं. चारच्या सुमाराला ती गेली. एकवीस वर्षांची होती. मी हे लिहिते आहे तेव्हा माझी धाकटी सून तिच्याहून दहा वर्षांनी मोठी आहे आणि मला ती पोरगी वाटते.

इस्पितळातले कागद होईपर्यंत पोस्ट बंद झालं होतं. दुसरी तार दादाने शुक्रवारी सकाळी केली आणि दुपारी सगळं उरकून आम्ही घरी आलो. बाळ इस्पितळात काचेच्या पेटीत होतं. ते जगेल असं कोणाला वाटत नव्हतं. ते जगलं, वाढलं, आज माझ्याशी भांडतंही, पण त्या दिवशी कोणी त्याचं नावसुद्धा काढत नव्हतं. खोलीत बायका भिंतीला टेकून बसलेल्या. मला आत बसवेना म्हणून मी उंबऱ्यात होते. आणि खालून पायऱ्यांवरून मला एक म्हातारा माणूस वर येताना दिसला. पांढरं धोतर, डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं, एका हातात तुपाची बरणी. लग्नात एकदाच बघितलं होतं, तरी मी ओळखलं. त्यांच्या गावी फक्त पहिली तार पोचली होती.

खाली नळावर त्यांनी घर विचारलं तेव्हा बायकांनी नुसतं वर बोट दाखवलं, हे मला नंतर कळलं. ते धापा टाकत आले, मला बघून ओळखीचं हसले. "सुमी न्हवं तू? पयली बेटी, धनाची पेटी! कुठाय शालन? हाय का दवाखान्यातच अजून?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी गाठोडं उंबऱ्यावर ठेवून सोडायला घेतलं. डिंकाचे लाडू होते, अळीव होते, खारका, सुकं खोबरं, गूळ. बाईला खायला घालायचं ते बाळंत झाल्यावर, ही आमची रीत. त्या रीतीने ते आले होते. एकट्या माणसाने चार घरं फिरून एका रात्रीत जमवलेला तो सगळा बाळंतविडा मी बघत होते, आणि आतून आई उठून आली. तिने त्यांच्या पायाशी बसकण मारली आणि हंबरडा फोडला.

त्यांना कळलं. ते रडले नाहीत. तुपाची बरणी खाली ठेवली आणि उंबऱ्यावर माझ्या शेजारी बसले. आई मध्येच "अंगावरून गेलं वो, लई गेलं" एवढंच म्हणत होती. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तिची पत्रं यायची," ते म्हणाले. "समद्या पत्रात तुझं नाव. सुमी माझं डोहाळं पुरवती, असं लिव्हायची. बिनआईची पोर माझी. मला काळजी हुती, कोण पुरवंल तिचं. तू पुरीवलंस. तुझं लई उपकार हायत बाळा."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं. मागे आईचं रडणं थांबलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, हे मला न वळताही समजलं. त्यांनी माझ्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ घेतला. फडक्यातून एक लाडू उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "खा," म्हणाले. "तिच्या वाटणीचा तू खा."

मी खाल्ला. पूर्ण खाल्ला, एक कणही सांडू दिला नाही. त्यांनी तो संपेपर्यंत वाट बघितली.

"मीच वळल्यात," ते म्हणाले. "कदी वळलं न्हवतं. नीट झाल्यात का गं?"

मी हो म्हणाले.